हॅबिट : एका वेशाची गोष्ट

नन म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर साधारण एकच चित्र येतं. पायघोळ काळा झगा, चेहऱ्याभोवती घट्ट बसवलेलं पांढरं कापड, डोक्यावरून पाठीवर सोडलेलं काळं वस्त्र, कमरेला लटकणारी जपमाळ. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या काही जणांनी हे प्रत्यक्ष पाहिलेलं असतं, आणि बाकीच्यांची सोय 'साउंड ऑफ म्युझिक' आणि 'सिस्टर ॲक्ट'ने केलेली आहे.

आता साधा प्रश्न. हा वेश ठरवला कुणी? कुठल्या पोपने फर्मान काढलं, की कुठल्या संताला स्वप्नात दिसला?

गेले दोन-तीन वीकेंड या विषयावर मिळेल ते वाचत होतो, आणि उत्तर भलतंच निघालं. कुणीच ठरवला नाही! ज्या काळात हे संघ सुरू झाले त्या काळातल्या साध्यासुध्या बायका, विशेषतः विधवा आणि गरीब बायका जे घालत होत्या, साधारण तेच या बायकांनी घातलं. मग जग पुढे गेलं आणि कपडे तिथेच थांबले. एवढंच झालं असतं तर विषय संपला असता. पण या कपड्यांवरून पुढे माणसं तुरुंगात गेली, आणि चांगले चालणारे संघ फुटले. म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

सुरुवातीला शब्दाची गंमत. इंग्रजीत या वेशाला 'हॅबिट' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द हॅबिटस, म्हणजे अवस्था, रूप, पेहराव. इंग्रजीत हा शब्द आधी कपड्यांसाठी आला आणि 'सवय' हा अर्थ त्याला नंतर चिकटला. आधी कपडे, मग सवय. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

तर अगदी सुरुवातीच्या काळात मठ वगैरे काही नव्हते. लग्न न करता देवाला वाहून घेतलेल्या मुली आपापल्या घरीच राहायच्या. त्यांची खूण एकच, डोक्यावरचं वस्त्र, म्हणजे व्हेल (माशाशी संबंध नाही!). संत अँब्रोजची बहीण मार्सेलिना हिला सन ३५३ च्या सुमारास रोममध्ये पोप लिबेरियसच्या हातून असं वस्त्र मिळालं. पण रोममध्ये डोक्यावर वस्त्र घेणं ही मुळात लग्न झालेल्या बाईची रीत. म्हणजे या मुली 'आमचं लग्न झालंय, देवाशी' असं त्या काळच्या चालू भाषेत सांगत होत्या. बघणाऱ्याला अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे मंगळसूत्र बघून कुणी विचारत नाही, तसंच.

मग सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट आला. त्याने मठात कसं राहायचं याची एक नियमावली लिहिली आणि पश्चिम युरोपातल्या मठांसाठी पुढे तीच पाया ठरली. लिहिली पुरुषांसाठी, पण बायकांच्या मठांनीही तीच उचलली. त्यातलं ५५ वं प्रकरण कपड्यांबद्दल आहे. मी तर वाचून चाटच पडलो. तो म्हणतो, हवामान बघून कपडे ठरवा. थंड प्रदेशात जास्त लागतील, उष्ण प्रदेशात कमी. रंग कुठला, कापड जाडंभरडं आहे का, याची चिंता करू नका, त्या भागात जे स्वस्तात मिळेल ते घ्या. प्रत्येकाला दोन झगे पुरेत, म्हणजे एक धुवायला टाकता येईल. आणि काम करताना वर घालायला एक स्कॅप्युलर. बस्स.

याच्याइतका सुटसुटीत रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी आमच्या धंद्यात पाहिलेला नाही. काळा रंग नाही, पांढरी पट्टी नाही, कसलंही प्रतीक नाही. स्थानिक, स्वस्त, धुता येईल असं. झालं.

मग ते एवढं सगळं आलं कुठून? एकेक भाग घ्या. चेहऱ्याभोवती आणि गळ्यावर येणारं पांढरं कापड, ज्याला विंपल म्हणतात, ते बाराव्या-तेराव्या शतकात युरोपातल्या घरंदाज विवाहित बायका सर्रास वापरत. पुढे फॅशन बदलली, ते म्हाताऱ्या बायका आणि विधवांपुरतं उरलं, आणि शेवटी फक्त नन्सकडे. स्कॅप्युलर म्हणजे खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी कापडाची लांब पट्टी. ती मुळात कामाच्या वेळचं एप्रन! कपड्यांना डाग पडू नयेत म्हणून. नंतर त्याला 'ख्रिस्ताचं जू खांद्यावर घेणं' असा अर्थ आला, आणि गंमत अशी की मग ते खराब होऊ नये म्हणून काम करताना त्याच्यावर वेगळं एप्रन बांधायची वेळ आली.

सॉफ्टवेअरमध्ये असलेल्यांना हा प्रकार चांगलाच माहीत असेल. लेगसी कोडमध्ये एखादी ओळ असते. ती का लिहिली हे कुणाला आठवत नाही, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो, आणि काढायची कुणाची छाती होत नाही. मग हळूहळू नवीन माणसाला सांगितलं जातं की ती फार महत्त्वाची आहे बरं का! वेशाचंही तसंच झालं. प्रत्येक भागाला एकेक अर्थ मिळाला. फ्रान्सिस्कन परंपरेत कमरेच्या दोरीला तीन गाठी, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. संत क्लेअरच्या संघात चौथी गाठ, मठाबाहेर न जाण्याच्या व्रताची. स्वीडनच्या संत बिर्गिट्टाच्या संघात डोक्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा मुकुट आणि त्यावर पाच लाल ठिपके, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. अनेक संघांत सकाळी कपडे घालताना प्रत्येक वस्त्राची वेगळी प्रार्थना असे.

मात्र हे अर्थ नुसते चिकटवलेले होते असं म्हणून उडवून लावू नये. ज्या बाईने ते आयुष्यभर अंगावर वागवले तिच्यासाठी ते खरेच होते. वेश म्हणजे तिच्या आयुष्याचा हिशेबही होता. मुलगी मठात आली की काही महिने उमेदवारी. मग वस्त्रग्रहणाचा विधी. अनेक संघांत ती चक्क नवरी बनून, पांढऱ्या गाउनमध्ये चर्चमध्ये येई, मग केस कापले जात आणि संघाचा वेश मिळे. शिकाऊ असेपर्यंत पांढरी व्हेल, व्रतं घेतली की काळी, कायमची व्रतं घेतली की बऱ्याच ठिकाणी बोटात अंगठी. म्हणजे डोक्याकडे बघून कोण कुठल्या पायरीवर आहे ते कळायचं. रोजचं आणि सणाचंही वेगळं असे. कार्मेलाइट नन्सचा रोजचा वेश तपकिरी, पण मोठ्या प्रार्थनांना आणि सणांना त्यावर पांढरी शाल घ्यायची. डॉमिनिकन नन्सचं उलट, आतला झगा पांढरा आणि वरची शाल काळी. आणि भांडी घासायची, बागेत खणायचं असेल तर बाह्या वर, झगा खोचलेला, जाडं एप्रन. फोटोत हे कपडे कायम इस्त्रीचे दिसतात, पण त्यात राबणंही चालूच होतं.

बरं, सगळ्याच साध्या राहत होत्या असंही नाही. पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बिशप लोक मठांच्या तपासणीला जात, त्यांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. तक्रारी काय? तर रेशमी व्हेल, भारी टाचण्या, आणि फॅशनप्रमाणे कपाळ जास्त दिसेल अशी व्हेल मागे सरकवणं! बिशपांनी दटावायचं आणि नन्सनी पुन्हा तेच करायचं. युनिफॉर्मचा स्कर्ट किती इंच हवा यावरून शाळेत चालतं तसंच हे.

आता गोष्टीला वळण मिळतं. १२९८ मध्ये पोप बोनिफेस आठवा याने नियम केला की नन्सनी मठाच्या भिंतीआडच राहायचं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तो पुन्हा कडक केला. आपल्या शेजारी, जुन्या गोव्यात १६०६ मध्ये सुरू झालेला सांता मोनिका हा प्रचंड मठ याच साच्यातला. त्याच्या जाड भिंती बघितल्या की 'बंदिस्त' म्हणजे काय ते कळतं. पण मग ज्या बायकांना रस्त्यावर जाऊन आजाऱ्यांची सेवा करायची आहे, त्यांनी काय करायचं?

फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी १६३३ मध्ये यावर शक्कल काढली. 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' नावाचा गट काढला आणि सांगितलं, या नन्स नाहीतच! यांचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरं आणि शहरातले रस्ते, आणि व्हेलच्या जागी यांची मर्यादशीलता. पहिली सभासद समजली जाते ती मार्गरिट नासो, गुरं राखणारी खेड्यातली पोर, गुरं राखता राखता स्वतःच वाचायला शिकलेली. प्लेग झालेल्या एका बाईला तिने आपल्या बिछान्यात जागा दिली आणि १६३३ मध्येच त्यात ती गेली. या मुलींचे कपडे काय? पॅरिसच्या आसपासच्या शेतकरी बायकांचे. राखाडी जाडाभरडा झगा आणि डोक्याला साधी पांढरी टोपी. गरिबांच्या घरात शिरताना गरिबांसारखंच दिसायचं, एवढाच हेतू.

पुढे काय झालं? डोक्यावरचं कापड उन्हापासून बचाव म्हणून वाढलं. मग त्याला खळ घालायला लागले. मग ते कडक झालं, रुंद झालं, आणि दोन्ही बाजूंना पंख फुटले. हेच ते प्रसिद्ध कॉर्नेट, एखादा मोठा पांढरा पक्षी डोक्यावर बसलाय असं वाटणारं. पॅरिसजवळच्या खेड्यातल्या बायकांनी ती टोपी कधीच सोडून दिली, पण या सिस्टर्स तीच डोक्यावर घेऊन चीनपासून अमेरिकेपर्यंत गेल्या. गर्दीत मिसळण्यासाठी घेतलेला कपडा आता जगात कुठेही लांबून ओळखू येत होता.

आणि ओळखू येण्याची किंमतही मोठी असते. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९० मध्ये धार्मिक व्रतं रद्द झाली आणि १७९२ मध्ये मठ बंद करून हे वेश घालण्यावर बंदी आली. कॉम्पिएन्य गावच्या कार्मेलाइट नन्सना सप्टेंबर १७९२ मध्ये मठाबाहेर काढलं. त्या साधे कपडे घालून गावात चार ठिकाणी वाटून राहू लागल्या, प्रार्थना मात्र चालू ठेवल्या. जून १७९४ मध्ये पकडल्या गेल्या. १२ जुलैला पॅरिसला न्यायचा हुकूम आला तेव्हा त्या तुरुंगात धुणं धूत होत्या! त्यांचे एकुलते एक साधे कपडे पाण्यात होते, अंगावर होते ते जुन्या वेशातले उरलेसुरले. थांबायला कुणाला वेळ नव्हता, तशाच त्यांना नेल्या. १७ जुलै १७९४ ला १४ नन्स आणि मठाच्या २ सेविका अशा १६ जणी पॅरिसमध्ये गिलोटिनखाली गेल्या, गाणी म्हणत. बंदी घातलेल्या वेशातच. दहाच दिवसांनी रोबेस्पिअरची सत्ता कोसळली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी या सोळा जणींना संत घोषित केलं.

आणि ते भिजलेले कपडे? त्याच तुरुंगात काही इंग्रज बेनेडिक्टाइन नन्स कैदेत होत्या. त्यांच्या अंगावर अजून त्यांचा वेश होता आणि दुसरे कपडे घ्यायला पैसे नव्हते. या सोळा जणींचे धुतलेले कपडे त्यांना देण्यात आले. १७९५ मध्ये त्या सुटून इंग्लंडला पोचल्या त्या हेच कपडे घालून. वाचताना मी इथे बराच वेळ थांबलो. एकींना वेशात मरण आलं आणि दुसऱ्या त्यांचे साधे कपडे घालून जगल्या. म्हणून 'कपड्यात काय आहे' असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालता येत नाही आणि सहमतही होता येत नाही.

विसाव्या शतकापर्यंत सिस्टर्स दवाखान्यात होत्या, शाळेत होत्या, कॉलेजात शिकत होत्या. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना कडक कापड असलं की बाजूचं दिसत नाही, मग गाडी कशी चालवायची? ऑपरेशन थिएटरमध्ये त्या लांब बाह्यांचं काय करायचं? खळ, इस्त्री, टाचण्या यातच किती वेळ जायचा! हे खुद्द पोप पायस बाराव्यांच्याही लक्षात आलं आणि १९५१ मध्ये शिक्षिका असलेल्या सिस्टर्सपुढे बोलताना त्यांनी वेश साधा आणि आरोग्याला सोयीचा असावा असं सांगितलं. डॉटर्स ऑफ चॅरिटीने २० सप्टेंबर १९६४ ला, जगभर एकाच दिवशी, कॉर्नेट उतरवून साधी निळी वस्त्रं घेतली. (आणि तीनच वर्षांनी अमेरिकन टीव्हीवर 'फ्लाइंग नन' ही मालिका सुरू झाली, तसल्याच टोपीच्या जोरावर उडणाऱ्या ननची!) २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने अधिकृतच सांगितलं की वेश साधा, गरिबीला शोभणारा, आरोग्याला योग्य आणि देश, काळ आणि काम बघून असावा. नीट बघितलं तर हे बेनेडिक्टचं ५५ वं प्रकरणच होतं. फिरून चौदाशे वर्षांनी तिथेच.

पण बदल सांगणं सोपं, करणं कठीण. लॉस एंजेलिसमधल्या 'इमॅक्युलेट हार्ट' या संघाच्या सिस्टर्सनी १९६७ मध्ये ठरवलं की प्रार्थना, काम आणि कपडे याबाबत जिने तिने काही प्रमाणात स्वतः निर्णय घ्यावा. तिथल्या कार्डिनल मॅकइंटायर यांना हे अजिबात पटलं नाही. प्रकरण रोमला गेलं आणि १९६८ मध्ये रोमनेही सांगितलं की एकसारखा वेश हवाच. वाद फक्त कपड्यांचा नव्हता, शाळा, शिक्षण, अधिकार सगळंच त्यात होतं. पण कपडे डोळ्यांना दिसतात, त्यामुळे भांडण तिथे पेटतं. शेवटी १९७० मध्ये सुमारे तीनशे जणींनी व्रतांतून मुक्त होऊन स्वतःचा वेगळा, चर्चच्या अधिकाराबाहेरचा गट काढला. लाल झगा घालणारे पुरुष बायकांना साध्या कपड्यांवरून जाब विचारत होते हा विनोद त्यांच्या लक्षात आला होता की नाही, कोण जाणे.

मात्र दुसरी बाजूही आहे. साध्या कपड्यातली सिस्टर गर्दीत दिसतच नाही, मग अडचणीतल्या माणसाने तिला हाक कशी मारायची? २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत असं दिसलं की नव्याने येणाऱ्या तरुण मुलींचा ओढा वेश घालणाऱ्या संघांकडे जास्त आहे. आजी ज्या वेशातून सुटायला धडपडली, तोच नात हौसेने मागते आहे. फरक इतकाच, की नात तो निवडते आहे.

आपल्याकडे परिषदेनंतर बऱ्याच संघांनी साडी स्वीकारली. पण त्याच्या बरंच आधी, ऑगस्ट १९४८ मध्ये, कोलकात्यात एका शिक्षिकेने लोरेटो संघाचा काळा वेश उतरवला आणि बाजारातली स्वस्त पांढरी, निळ्या काठांची साडी नेसून ती बाहेर पडली. मदर तेरेसा. साडी का, तर ज्यांच्यात राहायचं त्या बायका साडी नेसतात म्हणून. त्यांच्या सिस्टर्सकडे मोजक्या तीन साड्या. एक अंगावर, एक धुण्यात, एक शिवायला-सांधायला. बेनेडिक्टच्या दोन झग्यांची आठवण झाली ना? या साड्या टिटागढला कुष्ठरोगाशी झुंजलेली माणसं हातमागावर विणतात.

आणि २०१६ मध्ये त्या निळ्या काठांच्या नक्षीला भारतात ट्रेडमार्क मिळाला. म्हणजे बाजारात कुणालाही मिळणारी साडी, आता दुसऱ्या कुणी धंद्यासाठी वापरायची नाही. कारण समजण्यासारखं आहे, नावाचा गैरवापर होत होता. पण मार्सेलिनाची व्हेल, शेतकरी बायकांची टोपी, एप्रनचं स्कॅप्युलर, सगळ्यांचा प्रवास असाच झाला होता. सगळ्यांसारखं दिसायला म्हणून घेतलं, आणि ते फक्त त्यांचंच होऊन बसलं. इथे तर सत्तर वर्षंसुद्धा लागली नाहीत.

मला वाटतं यात कुणाची चूक नाही. चांगलं काम करणारी माणसं जे घालतात त्याला लोक मान द्यायला लागतात, आणि मान मिळाला की ते बदलवत नाही. पण अधूनमधून कुणीतरी विचारायला हवं, की हे आपण मुळात कशासाठी घेतलं होतं? आणि विचारायचा पहिला हक्क, ज्यांना ते रोज सकाळी उठून अंगावर चढवायचं असतं, त्यांचा.

असो. बरंच लांबलं. उद्या सोमवार, आमचाही वेश ठरलेला आहे : इन केलेला शर्ट आणि गळ्यात आयडी कार्ड. अजून तरी त्याला कुणी प्रतीकात्मक अर्थ दिलेला नाही!